तिसऱ्या किल्ल्याचं फाटक

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे यादी मागितली होती. लोकांचं लक्ष गेलं नाही, पण खेळून बघावेत असे जुने व्हिडिओ गेम, तलवारबाजीचे आणि जादूच्या दुनियेतले, प्रत्येकाबद्दल चार ओळी. सोपं काम. नाशिकला सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून मी तीस वर्षं गेमच्या कॅसेटींची लायब्ररी चालवली, अजूनही एक कपाट आणि काउंटर शिल्लक आहे. मी नाही लिहायची तर कुणी? पण गेले पंधरा दिवस कागद घेऊन बसते, दोन नावं लिहिते आणि उठते. गॅसवर काही नसताना ओट्यापाशी जाऊन येते. शटर अर्धं वर करते, पुन्हा खाली ओढते. आमचे हे म्हणाले, "अगं, पायाला भिंगरी लावल्यासारखी काय फिरतेस? दहा नावं लिही आणि मोकळी हो."

मोकळी होता येत नाही, तेच तर दुखणं आहे. तिसरं नाव ज्या गेमचं लिहायचं, तो गेम मी एका माणसाला सुचवला आणि त्याच गेमबद्दल त्याच्याशी खोटं बोलले. ते खोटं त्याच्या उजव्या हाताला भोवलं. ते निस्तरल्याशिवाय यादी कसली करतेय, डोंबलाची! म्हणून यादीच्या जागी हे लिहिते आहे. छापायचं तर छापा.

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी आधी धंदा सांगते. टीव्हीला एक डबा जोडायचा, डब्यात बिस्किटाच्या पुड्याएवढी प्लास्टिकची कॅसेट खुपसायची आणि हातात बटणांचा रिमोट घ्यायचा. पडद्यावरचा माणूस आपण सांगू तसा पळतो, उड्या मारतो, तलवार चालवतो. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने लढायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कॅसेटी मुंबईच्या बाजारातून यायच्या आणि खरं बोलायचं तर जवळजवळ सगळ्या नकली असायच्या. "नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम एकात" असं लेबल असलेल्या कॅसेटीत बाराच गेम निघायचे, तेच पुन्हा पुन्हा. बाकीच्यांच्या लेबलावरची लिपी मला वाचता यायची नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. म्हणून नावं आम्हीच ठेवायचो. "छत्रीवाला". "घारीवरची बाई". "खाणीतला म्हातारा". आज पुण्या-मुंबईचे शौकीन येतात, मी त्यांना ही नावं सांगते, ते बिचारे फोनमध्ये शोधत बसतात आणि काही सापडत नाही.

कॅसेट चालली नाही की लोक तिच्यात फुंकर मारायचे. अहो, फुंकरीबरोबर थुंकी उडते आणि आतल्या पट्ट्या गंजतात! खोडरबराने पट्ट्या पुसा, फुंकू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शहाणी माणसं, शिकलेली माणसं, बँकेत साहेब असलेली माणसं, कॅसेट हातात आली की गाल फुगवणारच. जित्याची खोड, दुसरं काय.

सगळ्यांना हवे असायचे तेच पाच-सात गाजलेले गेम, आणि ते कायम कुणाच्या तरी घरी गेलेले असायचे. उरलेलं भरलेलं कपाट माझ्याकडे बघत बसायचं. त्यातून माझी सुचवण्याची पद्धत तयार झाली. गिऱ्हाईकाला मी "कोणता गेम आवडतो" असं कधी विचारलं नाही. मी विचारायचे, "हरल्यावर काय करता?"

माणूस या प्रश्नाला खरं उत्तर देतो, का ते मला अजून कळलेलं नाही. "रिमोट आपटतो" म्हणणाऱ्याला मी छत्रीवाला द्यायचे. त्यातला गडी तलवारीच्या जागी छत्री वापरतो, उंचावरून पडला तरी छत्री उघडून तरंगत खाली येतो, त्यामुळे मरायलाच वेळ लागतो आणि तोवर आपला राग शांत होतो. "कुणाला तरी खेळायला देतो आणि बघत बसतो" म्हणणाऱ्याला घारीवरची बाई. एकाने घार उडवायची, दुसऱ्याने बाण सोडायचे, भांडल्याशिवाय पहिलीसुद्धा पायरी पार होत नाही. आणि "मी हरतच नाही" म्हणणारा भेटला की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. त्याला खाणीतला म्हातारा. या खेळाचा नायक खराच म्हातारा आहे, गुडघाभर उंच उडी मारतो, हातात कंदील, कंदिलातलं तेल संपत चाललेलं, आणि खाण खोल खोल जाते. असा गेम पुन्हा कुणी केला नाही. आठ दिवसांत भल्याभल्यांची घमेंड उतरायची.

इंदिरानगरच्या एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, असा गेम द्या की आमचे मिस्टर हरतील. घरात एकदा तरी हरू देत." मी म्हातारा दिला. दोन आठवड्यांनी दोघं मिळून आले, मिस्टर पुढे, बाई मागे. मिस्टर म्हणाले, "तेल कुठे मिळतं तेवढं सांगा." बाई मागून हाताने नको नको म्हणून खुणा करत होत्या. मी सांगितलं नाही.

त्र्यंबकचे एक गुरुजी होते, विधी आटोपून नाशिकला कामाला आले की हमखास डोकावायचे. त्यांची अट वेगळीच. "वहिनी, मारामारी चालेल, पण रक्त नको." मी विचारलं, "हरल्यावर काय करता, गुरुजी?" म्हणाले, "आंघोळ करतो." आता यावर काय बोलायचं! त्यांनाही छत्रीवाला दिला, कारण त्यातल्या राक्षसांना छत्री लागली की त्यांची फुलं होतात. गुरुजींनी तो गेम तीनदा संपवला. "ही मारामारी सात्त्विक आहे," असं त्यांनी माझ्या काउंटरवर चार माणसांसमोर जाहीर केलं.

तर असं कौतुक व्हायचं आणि मी फुगायचे. माझा एक नियम होता, तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे: स्वतः संपवल्याशिवाय मी गेम सुचवत नाही. दुपारची भांडी आवरली की मी खेळायला बसायचे, हे खरं. शंभरातले नव्वद गेम संपवले होते, हेही खरं. पण माझ्या दुकानाच्या पाटीवर नव्वद नव्हतं लिहिलेलं. पाटीवर लिहिलं होतं, "प्रत्येक गेम स्वतः संपवून तपासलेला."

ती पाटी रंगवली होती सायखेड्याच्या पुंजाभाऊ पेंटरने. ज्यांच्याशी मी खोटं बोलले ते हेच.

त्या काळी गोदाकाठच्या गावांत दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळ्यांवर पुंजाभाऊंचा हात असायचा. माझ्याकडे आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पांढरा लेंगा, त्यावर सगळ्या रंगांचे डाग, कानावर ब्रश. मी त्यांना तलवारवाला वीर आणि आग ओकणारा राक्षस काढायला सांगितला. त्यांनी गेम कधी बघितलेला नव्हता. त्यांनी काढलेल्या वीराला तालमीतल्या पैलवानासारख्या मिशा होत्या आणि राक्षस हुबेहूब म्हसोबा. पण अक्षरं! खालची ती ओळ त्यांनी पट्टी न लावता एका दमात ओढली. "ताई, खरंच समदे संपिवले का वो?" त्यांनी खाली उतरून विचारलं. "सगळे," मी म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका मंगळवारी ते बायकोचा खांदा धरून दुकानात आले. हिराबाईंनीच सांगितलं, "अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू." पाय सुधारला होता, बोलणंही सुधारलं होतं, हात मात्र छातीशी दुमडलेला. डॉक्टर नाशिकचे, दर मंगळवारी दाखवायला यावं लागायचं. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला होता.

"चेंडू दाबून काय व्हतंय, ताई?" पुंजाभाऊ म्हणाले. "दाबला की दबतोय. त्यात काय नवल हाय? मन नाय लागत. तुमच्याकडं ते दाबलं की कायतरी घडतं, तसलं द्या."

मी माझा प्रश्न विचारला. "हरल्यावर काय करता, पुंजाभाऊ?"

त्यांनी जरा विचार केला. "अक्षर बिघडलं तर फडक्यानं पुसतो आन् पुन्हा काढतो. दुसरं काय करणार?"

हे उत्तर मला आधी कुणीच दिलं नव्हतं. त्याच पावली मी कपाटाच्या सर्वांत वरच्या खणातून निळी कॅसेट काढली. "तीन किल्ले". तो गेम कुणीच नेत नसे, फार सावकाश चालतो म्हणून. एक जासूद एका मशालीची ज्योत घेऊन निघतो, तीन किल्ल्यांवर ती पोचवायची. वाटेत लढाया आहेत, पण धांदल नाही. थांबलं तर थांबता येतं. आणि त्यातली चित्रं अशी की बघत राहावं. मी तो दुसऱ्या किल्ल्यापर्यंत खेळले होते. पुढे कंटाळा आला म्हणा, नवीन माल आला म्हणून म्हणा, राहिला. राहिला तर राहिला. एवढा देखणा गेम, पुढेही देखणाच असणार, असं मी धरून चालले. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा.

पुढचे चार महिने दर मंगळवारी पुंजाभाऊ यायचे आणि काउंटरपुढच्या स्टुलावर बसून सांगत सुटायचे. पेंटर माणूस, त्यांना गेममध्ये जे दिसायचं ते मला तोवर दिसलं नव्हतं. "ताई, तो जासूद तीनच रंगांत काढलाय, तुम्ही ध्यान दिलं का? एक रंग अंगाचा, एक कपड्याचा आन् एक सावलीचा. तीन रंगांत जिता माणूस! कोण पेंटर आसंल वो तो?" मी रात्रंदिवस त्या चित्रांत होते आणि रंग कधी मोजले नव्हते.

अंगठा हलायला लागला. आधी नुसता टेकायचा, मग दाबायला लागला. एका मंगळवारी त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी माझ्यासमोर उजव्या हाताने लावून दाखवली, पाच मिनिटं लागली, हिराबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. दुसरा किल्ला झाला त्या दिवशी तर ते पेढे घेऊन आले. आणि तेव्हा ते बोलले. "ताई, देवाला कौल लावत्यात ना, तसा म्या या गेमाला लावलाय. तिसऱ्या किल्ल्याचं फाटक उघडलं की ब्रश हातात धरायचा. पयली पाटी तुमची, नव्यानं रंगवून देतो. नाय उघडलं तर समजायचं, हात एवढाच व्हता."

मी हसून म्हणाले, "उघडणार हो. न उघडून जातंय कुठे!"

बाई गं, काय बोलून गेले मी!

तिसऱ्या किल्ल्याच्या फाटकाला साखळदंड आहे. उजव्या अंगठ्याने बटण दाबत राहायचं, दर दाबाला साखळीची एक कडी ओढली जाते आणि फाटक बोटभर वर उचललं जातं. पुढच्या मंगळवारी पुंजाभाऊ गप्पगप्प आले. "फाटक वर येतंय, ताई. पार वर येतंय. आन् डोकं आत जाईल म्हणावं तेवढ्यात धाडकन खाली. पुन्हा पयल्यापासून. ते उघडतं ना?"

त्या वेळी दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. वर पाटी होती. "मी तिथवर गेलेच नाही, बघून सांगते," एवढं वाक्य बोलायचं होतं. माझ्या जिभेला काय धाड भरली होती देव जाणे. मी म्हणाले, "न उघडायला काय झालं? मी उघडलंय ते. तुमचा अंगठा मध्येच थांबत असेल. न थांबता दाबा, जोर लावा."

त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढच्या मंगळवारी अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, बटण दाबून दाबून साल निघालं होतं. "थांबत नाय वो मी," म्हणाले. मी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यांनी कॅसेट धुतलेल्या फडक्यात गुंडाळून काउंटरवर ठेवली. माझ्याकडून भाड्याने नेलेला डबा आणि रिमोट पुसून चकचकीत केलेले.

"कौल नाय मिळाला, ताई," ते म्हणाले. "तुमचं काय चुकलं नाय. तुमचं उघडलं, माझं नाय उघडलं. हात एवढाच हाय." हिराबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते निघून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. पुढे कुणीतरी सांगितलं की त्यांनी डॉक्टरकडे जाणंही सोडलं आणि ब्रशांचा डबा कुणाला तरी देऊन टाकला.

ती कॅसेट मी दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दुपारी लावली, तिसऱ्या किल्ल्यापर्यंत गेले आणि बटण दाबायला लागले. माझे दोन्ही हात धडधाकट, अंगठे तयार. फाटक वर आलं आणि धाडकन पडलं. पन्नास वेळा केलं असेल. हे कंपनीतून आले, त्यांना बसवलं, त्यांचंही पडलं. हे म्हणाले, "अगं, कॅसेटच खराब आहे ही." मी रिमोट खाली ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले. कणकेत मीठ घातलं नाही हे जेवताना कळलं.

तेव्हाच उठून सायखेड्याला जायचं होतं. तासाभराची बस. गेले नाही. उद्या जाईन, दिवाळी झाली की जाईन. मग लाज वाटायला लागली की एवढे दिवस का गेले नाही. मग फ्लेक्स आले, रंगवलेल्या पाट्या बघता बघता उतरल्या, आणि मला आयती सबब सापडली: हात चालला असता तरी काम कुठे होतं? स्वतःला फसवायला माणसाला फारसं भांडवल लागत नाही. पण माझी पाटी मी उतरवली नाही. तिच्या जागी फ्लेक्स लावायचा विषय यांनी काढला की मी भांडायचे. ऊन खाऊन वीर गेला, म्हसोबा गेला, खालची ओळ मात्र राहिली. रंग चांगला वापरला होता त्यांनी.

यंदा उन्हाळ्यात पुण्याहून ऋतुजा नावाची एक मुलगी आली. तिशीची, नोकरी संगणकाची, छंद जुन्या कॅसेटी जमवण्याचा. तिला दुर्लक्षित गेम हवे होते, मला बोलायला माणूस हवं होतं, दोघींचं जमलं. वरच्या खणातली निळी कॅसेट बघून ती ओरडलीच. "काकू, याची ओरिजिनल आहे माझ्याकडे!" पुढच्या खेपेला घेऊन आली. मी म्हटलं, तिसऱ्या किल्ल्यावर चल. ती बोलत बोलत गेली, फाटकापाशी आली, बटण दाबायला लागली आणि मध्येच चहाचा घोट घ्यायला थांबली. फाटक जागच्या जागी उभं होतं. खाली आलं नाही. तिने कप ठेवला, आणखी दहा-बारा वेळा दाबलं आणि फाटक उघडलं.

"जोर नाही लावायचा?" मी विचारलं.

"नाही हो काकू, जोराचा प्रश्नच नाही. नुसत्या कड्या मोजायच्या. तुमची कॉपी आहे ना, म्हणून पडत असेल. गेम बनवणारे कधीकधी अशी मेख मारून ठेवायचे. कॉपी असेल तर गेम नीट चालतो, चालतो आणि एका जागी मुद्दाम अडतो. खेळणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय."

तिला कसं कळणार ती काय बोलली ते! मी उठून आत गेले. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं. तिने कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "परत नाही दिलीत तरी चालेल," म्हणाली.

तरीही मला दोन महिने लागले. ते हयात असतील का, इथपासून सुरुवात. मग हे यादीचं निमित्त झालं आणि तिसऱ्या नावाशी पेन अडायला लागलं. गेल्या मंगळवारी पिशवीत डबा, रिमोट, वायरी आणि ती कॅसेट भरली आणि बस पकडली. चांदोरीला उतरून पुलावरून सायखेड्यात चालत गेले. पुलावर दोनदा मागे फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुंजाभाऊ ओट्यावर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, वाळलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांनी मला लगेच ओळखलं. "गेमवाल्या ताई! हिरे, चहा टाक." हिराबाई बाहेर आल्या, त्यांचे केस पूर्ण पिकले होते. चहा पिऊन झाला की सांगू असं मी ठरवलं होतं. पण कप हातात आला आणि आधीच सांगून टाकलं. सगळं. फाटक मी उघडलं नव्हतं. मी तिथवर गेलेच नव्हते. कॅसेट नकली होती, तिच्यातलं फाटक कुणाच्याच हाताने उघडलं नसतं, खरी कॅसेट आता पिशवीत आणली आहे. आणि तुम्ही ती परत दिल्यावर तिसऱ्या दिवशी मला कॅसेट खराब असल्याचं कळलं होतं.

आधी हिराबाईच बोलल्या. "बाई, तिसऱ्या दिवशी? आन् आज येताय?" मी कप खाली ठेवला. "रातभर अंगठा चोळीत बसायचे हे. म्या तेल लावून द्यायची. म्हणायचे, ताईंनी उघडलंय म्हंजे उघडतंय, माझाच अंगठा थांबतोय. तुमाला एक बस पकडता नाय आली?"

"नाही आली," मी म्हणाले. "माझं चुकलं, हिराबाई." दुसरं काय बोलणार?

"लाव," पुंजाभाऊ म्हणाले. मला म्हणाले की बायकोला ते कळलं नाही. मी आत जाऊन त्यांच्या टीव्हीला पिवळी, पांढरी, लाल वायर खुपसली. जासुदाला फाटकापर्यंत मीच नेलं, त्यात अर्धा तास गेला, ते मागे पलंगावर बसून बघत होते. फाटकापाशी आल्यावर मी रिमोट त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला, उजव्या मांडीवर टेकवला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून बटणावर ठेवला. अंगठा काडीसारखा ताठ झालेला. त्यांनी खांद्यातून जोर काढला आणि अंगठा एकदा टेकवला. पडद्यावर साखळीची एक कडी वाजली.

मग ते थांबले. दम घेतला. फाटक तिथेच. पुन्हा टेकवला. हिराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही, मधे त्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायले, फाटक तिथेच होतं. एक-एक कडी करत ते वर गेलं आणि उघडलं. जासूद आपोआप आत चालत गेला.

पुंजाभाऊ पडद्याकडे बघत नव्हतेच. हाताकडे बघत होते.

"म्हंजे हात चालत व्हता," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "चालत होता."

"तेव्हा तर यापेक्षा लय चालत व्हता."

"हो, पुंजाभाऊ."

मी रडले, ते रडले नाहीत. रागावलेही नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "माझी पाटी हाय का अजून?"

"आहे. चित्रं गेली. खालची ओळ तेवढी आहे."

"ती वळ पुसून टाका," ते म्हणाले. "माझ्या हातची हाय ती. खोटी नको राहायला."

डबा आणि कॅसेट तिथेच ठेवून मी निघाले. हिराबाई दारापर्यंत आल्या नाहीत. गल्लीच्या वळणापर्यंत पोचले तेव्हा मागून साखळीची कडी वाजल्याचा आवाज आला. मी थांबले. बऱ्याच वेळाने दुसरी वाजली. जासुदाला किल्ल्याबाहेर आणून त्यांनी पुन्हा फाटक गाठलं असणार, किंवा हिराबाईंनी गाठून दिलं असणार. चांदोरीहून नाशिकची बस चुकेल म्हणून मी पुढे झाले.

घरी आल्यावर स्टूल घेतलं, पॉलिश पेपर घेतला आणि पाटीवरची ओळ घासायला लागले. यांनी खालून स्टूल धरलं. रंग निघता निघेना, दोन दुपारी गेल्या.

तर संपादकसाहेब, दहा नावं काही माझ्याकडून होत नाहीत. एकच घ्या. तीन किल्ले. सावकाश खेळायचा गेम आहे, चित्रं बघत खेळा, माणसं तीनच रंगांत काढली आहेत त्याकडे लक्ष द्या. मिळाली तर मूळ कॅसेटच घ्या. आणि खाली ठळक छापा: हा गेम मी स्वतः संपवलेला नाही.